भद्राचं पुढे काय झालं?

मुकुंदवाडीतल्या आमच्या किशोरी गटात दर शनिवारी दहा-बारा मुली जमतात. एका शनिवारी 'आठवडाभरात काय पाहिलं' यावर गप्पा चालल्या होत्या. कुणी मालिका सांगितली, कुणी रील सांगितले. एक पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, "मी दादाचा गेम बघते. तो सिडकोतल्या एका गेमिंग कॅफेत कामाला आहे. डबा द्यायला जाते तेव्हा मागं उभी राहून बघते." तू खेळतेस का, असं विचारल्यावर ती हसली. "माझा नंबर कुठला यायला ताई? तिथं सगळी पोरंच असतात." मग जरा थांबून तिने विचारलं, "त्या गेममध्ये भद्रा नावाची एक मुलगी आहे. तिला देवी करायचं चाललेलं असतं. दादाचा गेम संपला, पण भद्राचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, कोण भद्रा?"

त्याच दिवसांत या मुलीच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. तिला स्वतःला कुणी काही विचारलेलं नव्हतं. म्हणून तिचा प्रश्न मला नुसत्या खेळाबद्दलचा वाटला नाही. मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर तो गेम लावून घेतला आणि महिनाभर, कामावरून आल्यावर, रात्री तासदीड तास खेळले. सुरुवातीला नेम लागत नव्हता, भाचा हसायचा. नंतर लागू लागला. गेम एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने पूर्ण केला. त्यावरून माझं जे मत झालं, ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढे मांडते आहे.

आपण हे का पाहायचं?

अश्लील पोस्टरांना काळं फासण्यापासून टीव्हीवरच्या जाहिरातींवर बहिष्कार घालण्यापर्यंत, बाईचं चित्रण कसं होतं यावर स्त्री चळवळीने नेहमी बोट ठेवलं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा त्याच वातावरणात आला. 'मुलगी झाली हो' सारखं नाटक १९८३ पासून गावोगाव गेलं, ते आपली गोष्ट आपणच सांगायची म्हणून. सिनेमा, मालिका, पाठ्यपुस्तकं, लग्नातली गाणी, सगळं आपण तपासलं. कॉम्प्युटरवरचे आणि मोबाइलवरचे गेम मात्र आपण 'पोरं बिघडली' या एका वाक्यात निकालात काढतो.

गेमबद्दल पालकसभांमध्ये बोललं जातं ते व्यसनाबद्दल, डोळ्यांबद्दल आणि वाया जाणाऱ्या अभ्यासाबद्दल. पबजीवर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली तेव्हा कितीतरी आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ती बंदी देशाच्या सुरक्षिततेचं आणि माहितीच्या गोपनीयतेचं कारण देऊन घातली होती. खेळात काय दाखवतात याच्याशी तिचा संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी तो खेळ नाव बदलून परत आला. त्या सगळ्या गदारोळात कुणी विचारलं नाही की या खेळांमध्ये बाई कुठे आहे, ती काय करते आणि तिचं काय होतं. तो प्रश्न विचारणं हे आपलं काम आहे.

आणखी एक गोष्ट. मालिकेतली सासू सुनेला छळते तेव्हा प्रेक्षक ते बघत असतो. गेममध्ये तो स्वतः करत असतो. ज्या प्रकाराला 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात त्यात पडद्यावर आपला चेहरा दिसत नाही, फक्त दोन हात आणि बंदूक दिसते. जग दिसतं ते त्या बंदुकीच्या मागून. त्यात गोष्टही गुंफलेली असली, तर त्या गोष्टीतले निर्णय खेळणाऱ्याने घ्यायचे असतात. वीस-पंचवीस तास मुलगा त्या गोष्टीत राहतो. इतका वेळ आपलं शिबिरही चालत नाही.

गोष्ट काय आहे?

गेमचं नाव 'फार क्राय ४'. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने तो केला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. युरोपात त्यावर १८ वर्षांवरील असा शिक्का आहे. आपल्याकडे कॅफेत तासाचे पैसे दिले की कोण किती वर्षांचा ते कुणी विचारत नाही. गेम जुना असला तरी अजून खेळला जातो.

गोष्ट घडते हिमालयातल्या 'किरात' नावाच्या काल्पनिक देशात. तो बराचसा नेपाळवरून घेतलेला आहे. पताका, घंटा, देवळं, रंगवलेले ट्रक आणि नावं सगळी आपल्या ओळखीची. नायक अजय घले अमेरिकेत वाढलेला आहे. आई ईश्वरी वारल्यावर तिच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे तो तिची रक्षा घेऊन किरातला येतो. तिथे पेगन मिन नावाच्या गुलाबी सूट घालणाऱ्या हुकूमशहाचं राज्य आहे. त्याच्याविरुद्ध 'गोल्डन पाथ' नावाची बंडखोर संघटना लढते आहे. ती अजयच्या वडिलांनी, मोहन घलेने, स्थापन केलेली. अजय तिच्यात सामील होतो.

या संघटनेत दोन नेते आहेत. सबल परंपरेचा माणूस, देवधर्म आणि जुन्या चालीरीती परत आणू म्हणणारा. अमिता ही बाई त्या चालीरीतींविरुद्ध बोलणारी, बाईला देव्हाऱ्यात किंवा चुलीपाशी बसवणारी परंपरा नको म्हणणारी. महत्त्वाच्या टप्प्यांवर दोघांपैकी एकाचं ऐकावं लागतं. अफूची शेतं जाळायची की देशाच्या उत्पन्नासाठी ठेवायची, जुनं देऊळ वाचवायचं की उडवून द्यायचं, असे ते प्रश्न असतात. या दोघांच्या मध्ये आहे भद्रा. ती किशोरवयीन मुलगी आहे. सबलला ती 'तरुण मातरा', म्हणजे देवीचं जिवंत रूप म्हणून हवी आहे. अमिताचा त्याला विरोध आहे.

आता शेवट सांगते. सबलच्या बाजूने खेळलात तर तो भद्राला देवी म्हणून बसवतो आणि तिच्यासमोर अमिताच्या माणसांना मारतो. अमिताच्या बाजूने खेळलात तर ती गावातल्या लहान मुलांना जबरदस्तीने शेतांवर आणि सैन्यात पाठवताना दिसते. भद्राबद्दल विचारलं तर म्हणते, तिला पाठवून दिलं, ती परत येणार नाही. कुठे पाठवलं, जिवंत आहे की मारलं, काही कळत नाही. म्हणजे आमच्या गटातल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर गेममध्येच नाही.

दोघंही सारखेच?

गेमच्या बाजूने सांगितलं जातं की हीच त्याची प्रगल्भता आहे. बंडखोरही सत्तेवर आले की राजासारखेच वागतात, कुठलीच बाजू स्वच्छ नसते, हे तो दाखवतो. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. 'आधी स्वातंत्र्य, बायकांचं नंतर बघू' हे आपण किती चळवळींमध्ये ऐकलं आहे! सबलचं पात्र लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. मोहन घलेचंही तसंच. संघटनेचा हा थोर संस्थापक स्वतःच्या बायकोला शत्रूच्या घरात हेर म्हणून पाठवतो. तिथे तिला पेगन मिनपासून मुलगी होते, लक्ष्मणा. मोहन त्या तान्ह्या मुलीला मारून टाकतो. मग ईश्वरी मोहनला मारते आणि अजयला घेऊन अमेरिकेला निघून जाते. असला बाप दाखवायला धाडस लागतं.

पण अमिताचं काय केलं ते पाहा. मुलीला देवी करू नका असं म्हणणारी गोष्टीतली एकमेव नेती शेवटी मुलांना वेठीला धरणारी निघते. म्हणजे मुलीला देव्हाऱ्यात कोंडणारा आणि तिला कोंडू नका म्हणणारी दोघंही सारखीच. खेळणाऱ्या मुलाच्या मनात काय उरतं? बाईच्या हक्काचं बोलणारीही आतून तसलीच असते, हे उरतं. वस्तीत बालविवाह थांबवायला गेल्यावर हेच वाक्य आपल्याला ऐकू येतं ना? "तुम्हाला पैसे मिळतात म्हणून येता." "लोकांची घरं मोडायची तुमची संस्था."

इथे मला भंवरीदेवी आठवतात. राजस्थानातल्या भटेरी गावच्या या साथिनीने १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला आणि त्याची किंमत म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्या लढ्यातूनच पुढे १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. मुलीला वाचवू पाहणारी बाई प्रत्यक्षात अशी असते. तिच्या हातात अफूची शेतं नसतात, सैन्य नसतं. गोष्ट लिहिणाऱ्यांना काल्पनिक देश उभा करता आला, पण अशी एक बाई सुचली नाही.

आणि हे काल्पनिक देशापुरतं आहे असंही समजू नका. देवाच्या नावाने मुलगी सोडायची चाल आपल्याकडे मुरळी आणि जोगतिणीच्या रूपाने होतीच. देवदासी प्रथा बंद करण्यासाठी महाराष्ट्राला २००५ सालीही नवा कायदा करावा लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. दर पाचांत एक. भद्रा आपल्या गल्लीत राहते.

तिला कुणी विचारलं?

माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. या गेममध्ये हत्तीवर बसता येतं, कड्यावरून दोरीने लोंबकळता येतं, छोटं हेलिकॉप्टर उडवता येतं, जनावरं मारून त्यांच्या कातड्याच्या पिशव्या करता येतात. बंदुकांचे तर असंख्य प्रकार. सबंध देशभर फिरता येतं. पण भद्राजवळ जाऊन 'बाई गं, तुला काय हवं आहे?' असं विचारायची सोय कुठेही नाही. शेवटी वाटलं तर अमिताला किंवा सबलला गोळी घालता येते. भद्राला शाळेत पाठवता येत नाही, तिला मैत्रीण मिळत नाही, तिच्या तोंडी 'नाही' हा शब्द येत नाही. दोन मोठी माणसं तिच्यावरून भांडतात आणि तिसरा बंदूकवाला निकाल देतो. आपल्याकडची लग्नाची बैठक याहून फार वेगळी असते का?

बाकीच्या बायका मोजा. आई ईश्वरी ही पहिल्या दृश्यापासून एका कलशातली राख आहे. जिने एवढं भोगलं आणि केलं, तिची गोष्ट आपल्याला इतरांच्या तोंडून, तुकड्या-तुकड्यांनी कळते. सावत्र बहीण लक्ष्मणा बाळपणीच मेलेली. युमा ही पेगनची सेनापती, तिला आपण मारायचं. नूर नावाची डॉक्टर, घरच्यांना ओलीस धरल्यामुळे तिला माणसांच्या झुंजींचा आखाडा चालवावा लागतो. घरचे केव्हाच मारले गेले हे तिला कळतं, तेव्हा तिला मारायचं की सोडायचं हे आपण ठरवायचं. सोडलं तरी ती जीव देते. एखाद्या बाईने हे सगळं सोसून पुन्हा दवाखाना थाटला, अशी शक्यता लिहिणाऱ्यांच्या मनाला शिवलीच नाही.

या गेममध्ये एक लपलेला शेवट आहे. सुरुवातीला पेगन मिन अजयला जेवणाच्या टेबलावर बसवतो, थांब म्हणतो आणि निघून जातो. खेळणाऱ्याने पळून जावं अशी अपेक्षा असते. पण खरोखरच पाव तास नुसतं बसून राहिलं, तर पेगन परत येतो, अजयला लक्ष्मणाच्या समाधीपाशी नेतो, आईची रक्षा तिथे ठेवली जाते आणि गेम संपतो. एकही गोळी न झाडता आईची शेवटची इच्छा पूर्ण होते. पुष्कळांना हा शेवट गंमत म्हणून माहीत आहे. मला तो गेमने दिलेला कबुलीजबाब वाटतो. आईने सांगितलं होतं तेवढं काम पाव तासात होणारं होतं. पुढचे वीस-पंचवीस तास तिच्यासाठी नव्हतेच. आईचं नाव लावून बापाची लढाई लढायची, हे आपल्या मुलांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

'खेळच तर आहे'

भाचा म्हणाला, "मावशी, खेळच तर आहे. खेळून कुणी खून करत नाही." त्याचं म्हणणं मला मान्य आहे. गेम खेळला म्हणून मुलगा बंदूक उचलतो असं मी म्हणत नाही, आणि बंदीची मागणीही करत नाही. बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं की थोड्याच दिवसांत मुलींच्या मोबाइलवर बंदी घालणारी गावपंचायतही आपल्या शेजारी येऊन उभी राहते, हा आपला अनुभव आहे. माझी तक्रार इतकीच, की ज्याला गोष्ट म्हणवून मिरवायचं आहे त्याने गोष्टीच्या कसोटीला उतरावं.

दुसरं कुणी म्हणेल, बंदुकीच्या मागून बघायचं म्हटल्यावर असंच होणार. तेही खरं नाही. 'पोर्टल' हा २००७ सालचा गेम याच नजरेने खेळायचा आहे. त्यात आपण शेल नावाची बाई असतो. हातातल्या यंत्रातून गोळी सुटत नाही, भिंतीत दार उघडतं. माणसं न मारता, डोकं चालवून तिथून निसटायचं असतं.

आणि आपल्या पुण्यातच 'राजी' झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने तो २०२० मध्ये आणला. अविचल सिंग आणि श्रुती घोष ही त्यामागची संस्थापक मंडळी. हा बंदुकीचा गेम नाही आणि नायिका आपल्याला समोर दिसते. राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली. दुर्गा तिला त्रिशूळ देते. त्यावरही माझे प्रश्न आहेत. मुलीला ताकद मिळायला देवीच का लागावी? ती निघते तीही भावासाठीच. पण एक फरक सांगते. भद्राला देवी करून बसवतात. राजीला देवी शस्त्र देते आणि पुढे चालायला लावते. किशोरी गटात मी 'राजी' लॅपटॉपवर दाखवला, तेव्हा खेळायला मुलींची रांग लागली. "ताई, ही भिंतीवरून पळते!" हे कौतुक तासभर पुरलं.

करणारे कोण?

गेम काही आभाळातून पडत नाहीत. २०१४ मध्येच 'फार क्राय ४'च्या दिग्दर्शकाने एका मुलाखतीत सांगितलं होतं की जोडीने खेळायच्या भागात स्त्री पात्र निवडता यावं याच्या आम्ही अगदी जवळ आलो होतो, पण काम वाढत होतं म्हणून ते राहिलं. हत्तीसाठी वेळ होता, बाईसाठी नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत गेममधल्या स्त्रीचित्रणावर बोलणाऱ्या अनिता सार्कीसियन यांना युटा राज्यातल्या विद्यापीठातलं भाषण गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावं लागलं. पुढे २०२० मध्ये युबीसॉफ्टमधल्या स्त्रियांनी छळाच्या तक्रारी उघडपणे मांडल्या आणि वरिष्ठांना पदं सोडावी लागली. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधल्या बोबिन्यी इथल्या न्यायालयाने कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून निलंबित तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या. ज्या ऑफिसात बाईचं म्हणणं ऐकायला कुणी नव्हतं, तिथे लिहिलेल्या गोष्टीत भद्राचं म्हणणं कुठून ऐकू येणार?

आता आपण

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात एक तास या विषयाला द्या, असं मी सुचवते. घरातला किंवा वस्तीतला मुलगा जो गोष्टीचा गेम खेळतो तो त्याच्याकडूनच समजून घ्या, दरडावून नको. त्याला विचारा: यात बाया किती आहेत? त्यातल्या शेवटपर्यंत जिवंत किती राहतात? कुठली बाई स्वतःसाठी एक तरी निर्णय घेते? तू तिला काही विचारू शकतोस का? आमच्या मुकुंदवाडीच्या मुलग्यांच्या गटात हे चार प्रश्न टाकले, तेव्हा पहिली दहा मिनिटं थट्टा झाली आणि नंतर एक मुलगा म्हणाला, "मी कधी मोजल्याच नव्हत्या."

दुसरं म्हणजे मुलींचा नंबर लागू द्या. त्याच २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. घरातला कॉम्प्युटर असला तर तो भावाचा. ज्यांनी कधी खेळलंच नाही त्या उद्या गेम लिहिणार कशा? केंद्रातला जुना लॅपटॉप आम्ही आता शनिवारी दोन तास मुलींसाठी राखून ठेवला आहे. पोरं दारात घुटमळतात. त्यांनी थोडं थांबायला हरकत नाही.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. तिचं वय शाळेच्या दाखल्यावर स्पष्ट होतं. आम्ही आईवडिलांशी चार वेळा बोललो, बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली काय होऊ शकतं ते सांगितलं, १०९८ चा नंबर भिंतीवर लिहिलेलाच होता. स्थळ सध्या तरी परत गेलं आहे. दहावीचा फॉर्म भरला आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलणी निघणार नाहीत, याची खात्री मी देऊ शकत नाही. पण शेवटच्या बैठकीत वडिलांसमोर आम्ही आग्रहाने तिला मध्ये बसवलं आणि विचारलं, तुला काय हवं आहे? ती बराच वेळ गप्प होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मला शिकायचंय."

भद्राचं पुढे काय झालं, हे मी तिला अजून सांगू शकलेले नाही. तिचं पुढे काय होतं, हे मात्र आपल्या हातात थोडंफार आहे.